हातचा एक

शनिवारी सकाळी आईने तिसरं कारण काढलं. पहिलं होतं, ऊन जरा चढू दे. दुसरं, आधी चहा होऊ दे. तिसरं तिने तोंडात चुका धरून सांगितलं, म्हणून मला ते पुन्हा विचारावं लागलं.

"खुर्ची अर्धी टाकून उठलं तर रेक्झिनला सुरकुती पडते," ती म्हणाली.

आई खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवते. त्या कामातल्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात, आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ती त्या ओठांत धरते. "हिच्या तोंडात सदानकदा चुका, आणि बोलण्यात एक सापडेल तर शपथ," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. लाकडाचं काम बाबांचं, मढवणं आईचं, आणि ने-आण बाबांच्या डिझेल पिकअपची. बाबांना जाऊन चार महिने होत आले होते. पिकअप अंगणात उभी होती.

कारखान्यात, म्हणजे घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत, एकावर एक रचलेल्या तेवीस खुर्च्या होत्या आणि चोविसावी आईच्या समोर होती. एका वाचनालयाचं काम. सांगाडे बाबांनी पक्के करून ठेवले होते, मढवायचं राहिलं होतं. वाचनालयाने चार महिने वाट पाहिली आणि मग एक सभ्य पत्र पाठवलं: सोमवारी खुर्च्या मिळाव्यात, नपेक्षा दुसरी व्यवस्था करावी लागेल. आईने या काळात नवं काम एकही घेतलेलं नव्हतं. सोमवारी खुर्च्या तिच्या हातून पोचल्या तर काम पुढे चालणार, नाही तर ती पुढच्या खोलीला कुलूप लावणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. बोललं कुणीच नव्हतं. मी चार दिवसांची रजा काढून आले होते.

गाडी आईला चालवता येते. वीस वर्षांपूर्वी बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तिने ती दीड महिना चालवली होती, आणि पाय बरा झाल्यावर किल्ली परत केली होती. बाबा गेल्यानंतर ती दर गुरुवारी इंजिन सुरू करून दहा मिनिटं आत बसून राहायची, बॅटरी उतरू नये म्हणून. गेल्या गुरुवारी तेलाचा लाल दिवा विझायला वेळ लागला. तिने मेकॅनिकला फोन केला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो बॉनेट उघडण्याआधी डोळे मिटून इंजिन ऐकतो. डॉक्टर म्हणाला, तेल कधीचं आहे ते बघा, आणि त्या तेलावर भरलेली गाडी घेऊन वाचनालयाच्या चढावर जाऊ नका.

तेल कधीचं आहे हे दाराच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर बाबांच्या अक्षरात होतं. बदलायची वेळ दोन हजार किलोमीटरमागेच उलटली होती. नवं तेल आणि फिल्टर त्यांनी आणूनही ठेवले होते. मागच्या फळीवर पाच लिटरचा कॅन, लिटरच्या दोन बाटल्या आणि फिल्टरचं खोकं ओळीने उभं होतं. बदलणं तेवढं राहिलं होतं, आणि त्यालाच आई सकाळपासून कारणं काढत होती.

मग चौथं कारण मामाच्या रूपाने आलं. मामा आईचा धाकटा भाऊ, चष्म्याचं दुकान चालवतो, आणि मदतीला म्हणून येतो तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून येतो.

"ताई, एवढं काय त्यात," तो दारातूनच म्हणाला. "गॅरेजात नेऊन लावतो. अर्ध्या तासाचं काम."

"ती गाडी तेलासाठी कधी गॅरेजात गेलेली नाही."

"मग मी करतो इथेच."

आईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू गाडीखाली जाणार?"

"जाईन की."

"जाशील. बाहेर कोण काढणार?"

"माझं पोट आधी जॅकवर घ्यावं लागेल, हे मान्य," मामा म्हणाला आणि स्टुलावर बसला. "मग भाची जाईल. मी टॉर्च धरतो. टॉर्च धरण्यात आपला हात कुणी धरणार नाही."

"आज नकोच," आई म्हणाली. "उद्या बघू."

"उद्या रविवार, परवा सोमवार," मी म्हणाले. "आई, काय झालंय?"

तिने ओठांतल्या चुका एकेक करून तळहातावर काढल्या आणि डबीत टाकल्या. ती काहीतरी नीट बोलणार असली की असं करते.

"त्यांच्या हातचं आहे ते," ती म्हणाली.

मामा टॉर्चचं बटण चालूबंद करत होता, ते त्याने थांबवलं.

"कपडे मी देऊन टाकले," आई म्हणाली. "चपला दिल्या. रंधे त्यांच्या हाताखालच्या दोघा सुतारांना दिले, चांगले वापरतील म्हणून. ते सगळं त्यांचं होतं. पण त्यांनी केलेलं आणि अजून चालू असलेलं असं हे एकच आहे. गुरुवारी मी किल्ली फिरवते तेव्हा त्यांनी ओतलेलंच आत फिरत असतं ना."

मी वाचणारी बाई आहे. दुःखावर मी बरंच वाचलेलं आहे, आणि गेल्या चार महिन्यांत अजून वाचलं. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी कामाला येण्यासारखं नव्हतं. मी जे बोलले ते आता आठवलं की लाज वाटते.

"नवं तेलही बाबांनीच आणलेलं आहे," मी म्हणाले.

"आणलंय," आई म्हणाली. "ओतलेलं नाही."

मी बाहेर गेले, बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली आणि तशीच आत घेऊन आले, खाली फडकं धरून. तिला पटवण्यासाठी नव्हे. तिने निदान बघून नाही म्हणावं, एवढंच माझ्या मनात होतं. आई मालाला हात लावल्याशिवाय त्याबद्दल बोलत नाही. फोम ती अंगठ्याने दाबून बघते, कापड उलट्या बाजूने चुरगाळून बघते. तिने डिपस्टिकच्या टोकाचं तेल अंगठा आणि तर्जनीत घेतलं आणि चोळलं. वास घेतला. पुन्हा चोळलं.

"पाणी झालंय याचं," ती म्हणाली. "वर कचकच लागते बोटाला."

मामाने वाकून डिपस्टिककडे पाहिलं.

"असल्या फोमवर मी कुणाला बसवणार नाही," ती म्हणाली. हात पुसले आणि डबीतल्या चुका पुन्हा उचलल्या. "सतराचा पाना खालच्या खणात, डावीकडे. तांब्याचा वायसर नवा घाल. जुनाच लावू नको आळशीपणाने. आणि पाच मिनिटं इंजिन चालव आधी, गार तेल निघत नाही." एवढं सांगून तिने चोविसावी खुर्ची जवळ ओढली. बाहेर यायचं तिने काही म्हटलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पिकअपची उंची बरी आहे, जॅक लागत नाही. मी चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, पाच मिनिटं इंजिन चालवून बंद केलं, तेल ओतायचं वरचं झाकण सैल केलं आणि जुनी सतरंजी टाकून आडवी खाली सरकले. लहानपणी हे काम मी बाबांबरोबर केलेलं आहे. म्हणजे बाबा खाली असायचे आणि मी पाने द्यायचे. "सतरा," असा आवाज यायचा, आणि मी सतरा द्यायचे. माझं नाव त्यांनी कंपाउंडर ठेवलं होतं. बोल्ट निघून तेल पडायला लागलं की मात्र मला कंटाळा यायचा, कारण ते फार वेळ पडत राहतं. मग बाबा खालूनच म्हणायचे, "जा कंपाउंडर, पुस्तक तुझी वाट बघतंय." आणि मी जायचे. पुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं, हे मला त्या दिवशी गाडीखाली गेल्यावर कळलं.

"डावीकडे फिरव," मामा म्हणाला.

"मला माहीत आहे."

"तू उलटी झोपलेली आहेस, म्हणून सांगितलं. तुझं डावं आता माझं उजवं आहे."

"मामा, बोल्टचं डावं बोल्टपाशी असतं. टॉर्च इकडे."

बोल्ट सुटला. शेवटचे आटे मी बोटांनी फिरवले आणि हात झटकन बाजूला घेतला, तरी कोपरापर्यंत ओघळ आलाच. तेल कोमट होतं. चेंबरमधून जाड काळी धार खाली ठेवलेल्या टबात पडायला लागली, न तुटता, आवाजही फार न करता. मी बाहेर सरकून बसले. ते तेल पडताना मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं. धार बारीक झाली, मग दोऱ्यासारखी, मग थेंब. थेंबाथेंबांत वेळ वाढत गेला. मामाने टॉर्च शेवटच्या थेंबापर्यंत धारेवरच धरला.

जुना फिल्टर हाताने हलेना. आईने आतून खिडकीतून पट्टा फेकला; सोफ्याच्या तळाला ताणून बसवतात तो, चार बोटं रुंद. "गुंडाळ आणि पीळ दे," एवढंच ती म्हणाली. पट्टा फिल्टरभोवती आवळून ओढल्यावर तो सुटला. म्हणजे ती ऐकत होती. प्रत्येक आवाजावरून काम कुठवर आलंय हे तिला समजत होतं.

नवा वायसर घालून मी बोल्ट घट्ट केला आणि तेलाचा कॅन उघडला. किती ओतायचं ते बघायला हवं होतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक कधीच हरवलेलं होतं, पण बाबांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलेलं होतं. ब्रशने लिहिलेलं, टपोऱ्या अक्षरात: तेल ६, हातचा १.

"झालं तर," मी म्हणाले. "सहा. त्यातलं एक हातचं राखायचं. म्हणजे पाच ओतायचं, डिपस्टिक बघायची आणि मग लागेल तसं."

मामा चष्मा कपाळावर चढवून वाचत होता. "हातचं नाही लिहिलेलं. हातचा लिहिलंय."

"मग?"

"हातचा एक. बेरजेतला. शाळेत गेली होतीस ना? हातचा राखत नाहीत, पुढच्या घरात मिळवतात. सहा आणि एक सात."

"मिळवायचाच होता तर सरळ सात लिहिलं असतं. माणूस गाडीवर गणित कशाला मांडेल?"

"आणि राखायचाच होता तर पाच लिहिलं असतं. तू एवढी पुस्तकं वाचतेस, पण ही ओळ तुला लागली नाही."

"तुला लागली?"

"मी चष्मे विकतो. मला अक्षर दिसतं, तेवढंच मी सांगतो."

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. दोन लिटरचा फरक होता. कमी पडलं तर इंजिन कोरडं घासणार, जास्त झालं तर तेल जाऊ नये तिथे जाणार, आणि दोन्हीतलं काहीही झालं तरी सोमवारच्या चढावर आई एकटी असणार. डॉक्टरचा फोन वाजून वाजून बंद झाला. आम्ही पुन्हा वाचलं. मामाने बोटांवर बेरीज केली, मी व्याकरण काढलं. हातचा पुल्लिंगी, तेल नपुंसकलिंगी, मग एक काय, लिटर, लिटर पुल्लिंगी. इथपर्यंत आले आणि अडकले.

तेव्हा आतून आवाज आला. आधी मला तो खोकला वाटला. आई दारात उभी होती, तोंडावर हात धरून हसत होती. चार महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला एक क्षण लागला.

"किती वेळ चालणार आहे तुमचं?" ती म्हणाली. "अरे, हातचा म्हणजे हातात धरलेला."

"काय धरलेलं?"

"फिल्टर. कोरडा नाही लावत तो. आधी भरतात. नाहीतर सुरू केल्या केल्या इंजिन तेलाला मुकतं. इंजिनात सहा, फिल्टरमध्ये एक. फिल्टर मी हातात धरायचे आणि हे ओतायचे." तिने माझ्या हातातला नवा फिल्टर घेतला. "एका वर्षी विसरले. सगळं सहा लिटर आत ओतून बसले आणि फिल्टर माझ्या हातात कोरडाच. म्हणून लिहून ठेवलं. मी म्हटलं, फिल्टरचा एक असं लिहा. तर म्हणाले, हात तुझा, म्हणजे हातचाच."

मी तिच्याकडे बघत राहिले. "तू धरायचीस? दर वेळी?"

"मग कोण धरणार? तू पुस्तक घेऊन बसलेली असायचीस."

तिने पायरीवर बसकण मारली, गुडघे जवळ घेतले आणि फिल्टर दोन्ही तळव्यांत सरळ उभा धरला, तोंड वर करून. "ओत. बारीक धार. आत कागद असतो, तो सावकाश पितो. थांबत थांबत ओतायचं."

मी लिटरची बाटली घेऊन तिच्यासमोर खालच्या पायरीवर बसले. नवं तेल मधासारखं होतं. थोडं ओतलं की काठाशी यायचं, आणि बघता बघता खाली उतरायचं. मग पुन्हा थोडं. मामा म्हणाला, मी चहाचं बघतो, आणि आत गेला. तो चष्मेवाला आहे, पण काही गोष्टी त्याला चष्म्याशिवाय दिसतात.

"याला पाव तास लागतो," आई म्हणाली. "उठून जाता येत नाही. मी धरलेलं, त्यांनी उचललेलं. घरातलं काय ते आमचं इथेच बोलून व्हायचं. एरवी ते करवतीवर, मी ठोकाठोकीत, कुणाला कुणाचं ऐकू जातंय? तुला शिकायला लांब पाठवायचं का, ते इथे ठरलं. मी नको म्हणत होते."

"तू नको म्हणत होतीस?"

"अर्ध्या फिल्टरपर्यंत." तिने काठाशी आलेलं तेल खाली उतरताना पाहिलं. "ओत आता."

मी ओतलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की हे काम बाबांचं आणि माझं. आईला त्यातलं काही कळत नाही, असं मी एकदोघांना सांगितलंही असेन.

"सोमवारी मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले. "रजा वाढवून घेते."

"नको."

"चढ आहे, आई. दोन फेऱ्या आहेत."

"म्हणूनच नको. तू शेजारी बसलीस तर मी तुझ्याकडे बघत बसेन, तू घाबरलीस का ते. मग रस्त्याकडे कोण बघणार?" तिने कलंडू लागलेला फिल्टर सरळ केला. "पहिल्यांदा करायचं ते एकटीने केलेलं बरं. चुकलं तर कुणाला कळत नाही."

"आणि खुर्च्या उतरवायला?"

"डॉक्टरला विचारते. एखादा माणूस देईल. वाचनालयातही माणसं असतातच की, सगळी काय वाचतच असतात?"

फिल्टर भरला. आता तेल काठाशी आलं आणि तिथेच थांबलं. आईने रबरी रिंगवर बोटाने नवं तेल फिरवलं, जसं ती शिवणीच्या कडेवरून बोट फिरवते तसं. मग सतरंजीवर माझ्याआधी तीच आडवी झाली आणि सरकून आत गेली. मला फक्त तिच्या टाचा दिसत होत्या. फिल्टर हाताने लागेल तेवढा आणि वर पाऊण फेरा, असं ती आतून सांगत होती, मला की स्वतःला ते कळलं नाही.

मी सहा लिटर ओतलं. आईने किल्ली फिरवली. लाल दिवा दोन क्षण राहिला आणि गेला. मी खाली वाकून पाहिलं, कुठे गळत नव्हतं. इंजिन बंद करून थोडं थांबलो, मग तिने डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं. आणि काळं होतं.

"नवं ना हे?" मामा चहाचे कप घेऊन उभा होता. "एवढ्यात काळं?"

"डिझेलमध्ये होतं तसं," आई म्हणाली. "जुनं सगळं निघत नाही कधी. थोडं राहतंच आत कानाकोपऱ्यात." तिने डिपस्टिक जागेवर बसवली. "चहा दे."

टबातलं तेल आम्ही पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये आणि उरलेलं बाटल्यांमध्ये गाळून भरलं. डॉक्टरच्या गॅरेजात जुन्या तेलाचं मोठं पिंप असतं, तिथे ते न्यायचं. मी एक लहान बाटली धुऊन पुसून आणली होती. ती तिच्यापुढे धरली.

"कशाला?"

"ठेवायचं असेल तर."

"काळं तेल शोकेसमध्ये ठेवू? वेडी आहेस का." पण तिने बाटली हातात घेतली, झाकण लावलं आणि मला परत दिली. "त्यातला एक लिटर माझ्याही हातचा होता. तोही जातोच आहे."

तिने कॅन आणि बाटल्या शेजारच्या सीटखाली उभ्या करून ठेवल्या, कलंडू नयेत म्हणून पट्ट्याने बांधल्या, आणि मला गेट उघडायला सांगितलं. मामा शेजारी बसायला निघाला होता, त्याच्याकडे तिने नुसतं पाहिलं. तो कप गोळा करायला लागला.

गाडी गेटातून एका फटक्यात निघाली. कोपऱ्यावर बंद पडली. मी गेटची कडी धरून उभी राहिले, पण पुढे गेले नाही. इंजिन पुन्हा सुरू झालं, दुसरा गिअर पडला, मग तिसरा, आणि आवाज गेला. मी लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन हात घासत बसले. मामाने तेवढ्यात दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा मला सांगितलं की तो बघत नाहीये.

पाऊण तासाने ती आली. गाडी जागेवर लावायला तिला तीन प्रयत्न लागले. खाली उतरली, रिकामा कॅन माझ्या हातात दिला.

"रिव्हर्स जड जातोय अजून," ती म्हणाली. "डॉक्टरने सोमवारसाठी माणूस दिलाय. दहाला वाचनालयात येतो म्हणाला."

"ओतलंस?"

"ओतलं."

"सगळं?"

"शेवटी थेंबाथेंबाने येत होतं. डबा उलटा धरून उभी राहिले." तिने ओढणीच्या टोकाने मनगट पुसलं. "मागे दोघं तेल घेऊन थांबली होती. थांबू दिलं."